पिन कोणाच्या ताब्यात?

उदगीर, देवणी, जळकोट या पट्ट्यात विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत मूळ स्टार्टरखेरीज आणखी एक छोटी डबी पुष्कळदा दिसते. तिला सगळे ऑटो स्विच म्हणतात. थ्री फेज लाईट आली की शेतकरी घरी झोपलेला असला तरी मोटार आपोआप उचलते. दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास अशी पाळीची वीज मराठवाड्याने अनेक वर्षे काढली आहे. रात्री दोनला उठून, साप-विंचवाच्या वाटेने विहीर गाठण्यापेक्षा ही डबी केव्हाही बरी. महावितरण मात्र दर हंगामात सांगते की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. कारण उघड आहे. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी लाईट येताच एकदम उठल्या तर फ्यूज जातो, नाही तर डीपीच जळते. मग नवी डीपी बसेपर्यंत त्या डीपीवरच्या सगळ्यांचीच पिके तहानलेली राहतात.

आता या पेट्यांत मोबाइलचे सिम आणि पाण्याच्या पातळीचे सेन्सर येऊ लागले आहेत. कधी कधी लिनक्स चालवणारा तळहाताएवढा संगणकही असतो. या वाटेवरचे सर्वांत गाजलेले नाव म्हणजे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’. शेतातल्या पंपाला मोबाइलवरून आज्ञा द्यायची आणि लाईट आहे की नाही हेही तिथूनच कळून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले. त्यानंतर ‘मोबाइलवर चालणारा पंप’ हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा ठरलेला प्रकल्प झाला. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये स्वस्तात बाजारात आल्यापासून असे प्रकल्प मायक्रोकंट्रोलरवरून थेट लिनक्सवर जाऊ लागले. इथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रकल्पाच्या अहवालात सहसा सापडत नाही. लाईट आल्यापासून प्रोग्राम सुरू होईपर्यंत मोटारीला हुकूम देणाऱ्या पिनेची स्थिती कोण ठरवतो? पुढे ती कोणाच्या ताब्यात असते? आणि मध्येच प्रोग्राम मेला तर?

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारी मंडळी जवळजवळ दोन दशके याच प्रश्नांशी झगडत आहेत. पिन वरखाली करणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे. तिचा ताबा कोणाकडे आहे याची नोंद ठेवणे अवघड आहे, आणि कर्नलची खरी गरज तिथेच लागते. या विषयाचा सगळा इतिहास मला त्या एका दिशेने जाताना दिसतो.

आधी ही पिन म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरच्या चिपला जे असंख्य पाय असतात त्यांतले काही विशिष्ट कामाला बांधलेले नसतात. ते प्रोग्रामने इनपुट करायचे की आउटपुट हे आपण ठरवतो. त्यांना जीपीआयओ म्हणतात. रास्पबेरी पायवर अशी पिन ३.३ व्होल्टवर चालते आणि तिच्याकडून १६ मिलिअॅम्पियरपेक्षा जास्त मागू नये. पाच व्होल्टच्या साध्या रिलेच्या कॉइललाच ७० मिलिअॅम्पियरच्या आसपास लागतात. म्हणून पिन ट्रान्झिस्टरला हलवते, ट्रान्झिस्टर रिलेला, रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलला आणि कॉन्टॅक्टर ४१५ व्होल्टच्या मोटारीला. कॉइलला उलटा डायोड लावायचा विसरला तर रिले बंद होताना ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. ही साखळी लक्षात ठेवायची ती एवढ्यासाठी की तिच्या या टोकाला एका बिटाची चूक झाली तर त्या टोकाला पाच अश्वशक्ती फिरते.

आता चिपच्या आत. पहिल्या रास्पबेरी पायच्या बीसीएम २८३५ या चिपमध्ये ५४ जीपीआयओ आहेत. प्रत्येकीचे काम ठरवायला तीन बिट आहेत: सगळे शून्य असले तर इनपुट, फक्त शेवटचा एक असला तर आउटपुट, उरलेल्या सहा जोडण्या सिरियल पोर्ट वगैरे इतर कामांना. एका ३२ बिटी रजिस्टरमध्ये दहा पिना मावतात. त्यामुळे १७ क्रमांकाची पिन दुसऱ्या रजिस्टरच्या २१ ते २३ या बिटांत बसते. तिला आउटपुट करायचे तर पूर्ण रजिस्टर वाचायचे, त्यातले तीन बिट बदलायचे आणि पूर्ण रजिस्टर परत लिहायचे. या वाचण्या-लिहिण्याच्या मध्ये दुसऱ्या प्रोग्रामने शेजारच्या १८ क्रमांकाचे काम बदलले, तर पहिला परत लिहिताना ते पुसून टाकतो. कोणालाही एरर येत नाही. दोन्ही प्रोग्राम आपापल्या परीने बरोबर असतात आणि तरी १८ वरची झडप उघडत नाही. पिन एक किंवा शून्य करायला मात्र या चिपमध्ये ‘सेट’ आणि ‘क्लिअर’ अशी वेगळी रजिस्टरे आहेत, तिथे आधी वाचावे लागत नाही. चिप बनवणाऱ्यांनी निम्मी काळजी घेतली आणि निम्मी सॉफ्टवेअरवर सोडली. ती उरलेली निम्मी काळजी म्हणजे कर्नलमधले कुलूप: एका वेळी एकानेच रजिस्टर बदलायचे.

तरीही रजिस्टरला थेट हात घालणारे प्रोग्राम खूप चालले, आजही चालतात, कारण वेग. मेमरीचा तो भाग स्वतःच्या प्रोग्रामात ओढून घेतला की पिन सेकंदाला लाखो वेळा हलवता येते. कर्नलच्या दारातून गेले की तेवढा वेग मिळत नाही. विहिरीवरच्या मोटारीला दिवसातून चार वेळा चालू-बंद व्हायचे असते, हे हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या लक्षात कसे येत नाही, हे मला कधी उमगलेले नाही.

कर्नलच्या बाजूने पहिले नीट काम डेव्हिड ब्राउनेल यांचे. त्याआधी प्रत्येक बोर्डाच्या कोडमध्ये पिना हलवण्याची आपापली तऱ्हा होती, त्यामुळे एका बोर्डासाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्यावर चालत नसे. एप्रिल २००७ च्या २.६.२१ या आवृत्तीत ‘पिन मागून घ्या, दिशा ठरवा, किंमत लिहा, परत करा’ अशी सामाईक फंक्शने आली. पुढच्या वर्षी २.६.२५ मध्ये त्यांच्यामागचे सामाईक यंत्र, जीपीआयओलिब, आले. २००८ च्याच ऑक्टोबरमध्ये २.६.२७ बरोबर पिना थेट फाइलींसारख्या वापरण्याची सोय झाली, तिला सिसएफएसची वाट म्हणतात. ब्राउनेल २०११ मध्ये वारले. त्यांच्या त्या शेवटच्या सोयीने पुढे किती संसार चालवले आणि किती अडचणी केल्या हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

सिसएफएसची वाट भुरळ घालणारीच होती. ‘एक्सपोर्ट’ नावाच्या फाइलीत १७ लिहायचे, की जीपीआयओ १७ नावाचे फोल्डर उगवते. त्यातल्या ‘डायरेक्शन’ फाइलीत ‘आउट’ लिहायचे आणि ‘व्हॅल्यू’ फाइलीत १. सी भाषा नको, लायब्ररी नको, तीन ओळींची शेल स्क्रिप्ट पुरे. हजारो लोक यावर शिकले.

या वाटेवरचा एक खड्डा जवळून पाहण्यासारखा आहे. बाजारात मिळणारे तयार रिले बोर्ड बहुतेक उलटे चालतात: पिन शून्य झाली की रिले उचलतो, एक झाली की सोडतो. आता ‘डायरेक्शन’मध्ये ‘आउट’ लिहिले की कर्नल पिनेला आउटपुट करतो आणि तिची सुरुवातीची किंमत शून्य ठेवतो. म्हणजे ‘व्हॅल्यू’मध्ये १ लिहायची वेळ येण्याआधीच रिलेला उचलायचा हुकूम गेलेला असतो. दोन ओळींमधले अंतर काही मिलिसेकंदांचे असेल, पण रिलेला उचलायला दहाच्या आसपास मिलिसेकंद पुरतात, आणि संगणक त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतला असेल तर अंतर वाढते. मग प्रोग्राम सुरू होताना ‘टक’ असा आवाज येतो आणि मुले म्हणतात, रिले खराब आहे. उपाय तिथेच होता. ‘डायरेक्शन’मध्ये ‘आउट’ऐवजी ‘हाय’ लिहिले तर पिन एक असतानाच आउटपुट होते, मध्ये झटका बसत नाही. कर्नलच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे. धडे देणाऱ्यांनी मात्र ‘आउट’च शिकवले.

त्याहून मोठी अडचण क्रमांकांची. साऱ्या यंत्रातल्या पिनांना मिळून एकच अंकांची माळ होती. बीगलबोन या दुसऱ्या बोर्डावर १ क्रमांकाच्या बँकेतली २८ क्रमांकाची पिन म्हणजे ३२ अधिक २८, म्हणून ६०. हे गणित पोरांनी पाठ केले. पण आय-टू-सीवर एखादी पिना वाढवणारी चिप जोडली, किंवा सुरू होताना चिपा ओळखण्याचा क्रम बदलला, की क्रमांक सरकायचे. रास्पबेरी पायवर हे अगदी अलीकडे घडले. कर्नल ६.६ आला तेव्हा सिसएफएसमधला पहिला क्रमांक शून्याऐवजी ५१२ झाला, म्हणजे वर्षानुवर्षे १७ म्हणून ओळखली जाणारी पिन ५२९ झाली. कोडमध्ये कोणी काही बदलले नव्हते, फक्त सिस्टीम अपडेट केली होती. आधीच या पिनेला तीन नावे होती: बोर्डावर ती अकरावी, चिपच्या दृष्टीने १७, आणि वायरिंगपाय या लायब्ररीच्या हिशेबात शून्य. त्यात ही चौथी भर.

तिसरी अडचण ताब्याची. एकदा पिन एक्सपोर्ट केली की परवानगी असलेला कोणताही प्रोग्राम तिच्यात लिहू शके. कोण लिहितो आहे याची नोंद नाही. लिहिणारा मेला तरी पिन तशीच एक्सपोर्ट झालेली, शेवटच्या किमतीवर अडकलेली. मोटार चालू असताना प्रोग्राम मेला तर मोटार चालूच.

या सगळ्यावर उपाय दोन टप्प्यांत आला. जानेवारी २०१४ च्या ३.१३ मध्ये अलेक्झांडर कुर्बो यांच्या कामातून ड्रायव्हरांसाठी क्रमांकांऐवजी ‘डिस्क्रिप्टर’ आले. ड्रायव्हरने १७ मागायची नाही, ‘माझी रीसेटची पिन द्या’ असे म्हणायचे. ती कोणती, हे बोर्डाचे वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहिलेले असते. उलटी चालते की सरळ हेही तिथेच. उलटेपणा बोर्डाचा गुण आहे, प्रोग्रामचा नाही, त्यामुळे तो बोर्डाच्या वर्णनातच असायला हवा. एवढी साधी गोष्ट रूढ व्हायला सात वर्षे लागली. त्याआधी २०१२ मध्ये पिनकंट्रोल हा विभाग आला होता, एकाच पायाला सिरियल पोर्ट करायचे की जीपीआयओ याचा तंटा सोडवायला. रास्पबेरी पायवरच्या १४ आणि १५ या पिना सिरियलच्याही आहेत. जीएसएम मोडेम त्यांवर जोडायचा आणि १४ वरच रिले लावायचा, हा घोळ किती प्रकल्पांत झाला असेल! पिनकंट्रोल असे दुहेरी दावे रोखू शकतो, पण प्रत्येक चिपचा ड्रायव्हर तितका कडक असतोच असे नाही.

दुसरा टप्पा ऑक्टोबर २०१६ च्या ४.८ मधला. हा विभाग तोवर लिनस वालेई सांभाळत होते. (हे लिनस वेगळे. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स नव्हेत.) त्यांनी वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांसाठी फाइलींचे झाड कालबाह्य ठरवून कॅरेक्टर डिव्हाइस आणले. प्रत्येक जीपीआयओ चिपची एक डिव्हाइस फाइल. ती उघडायची, हव्या त्या लाइना, म्हणजे पिना, एकाच विनंतीत मागायच्या, दिशा आणि सुरुवातीची किंमत त्याच विनंतीत सांगायची. वरचा ‘टक’ आवाज इथे मुळातच येऊ शकत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ५.१० बरोबर केंट गिब्सन यांनी याची दुसरी, सुधारलेली आवृत्ती दिली. ती वापरणे सोपे व्हावे म्हणून बार्तोश गोलाशेव्हस्की यांची लिबजीपीआयओडी ही लायब्ररी आहे, तिची २.० आवृत्ती मार्च २०२३ ची.

या लायब्ररीबरोबर जीपीआयओ-इन्फो नावाची छोटी आज्ञा येते. ती चालवली की चिपमधल्या एकेका लाइनीची ओळ समोर येते: क्रमांक, नाव, इनपुट की आउटपुट, सरळ की उलटी, आणि सध्या कोण वापरतो. आपल्याकडच्या वाचकाला हा सातबारा वाटेल, आणि तो आहेच तसा: गट क्रमांक, कब्जेदार, पीक, बोजा. फरक इतकाच की इथे दुसऱ्याच्या गटात नांगर घालता येत नाही. ‘पंप’ या नावाने एका प्रोग्रामने घेतलेली लाइन दुसऱ्याने मागितली तर कर्नल ‘व्यस्त’ म्हणून परत पाठवतो. पहिला प्रोग्राम मेला की कर्नल त्याच्या उघड्या फाइली मिटतो आणि लाइन आपोआप मोकळी होते.

मोकळी झाल्यावर तिची किंमत काय राहील? इथे वाद आहे, आणि तो पोकळ नाही. कर्नल सांगतो, आम्ही हमी देत नाही. चिपच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे. काही ड्रायव्हर पिनेला परत इनपुट करतात, काही तशीच ठेवतात. सिसएफएसच्या सवयीच्या लोकांना हे पटले नाही. आज्ञा देऊन पिन एक केली, आज्ञा संपली, पिन पडली, हे कसले? रास्पबेरी पायच्या ड्रायव्हरमध्ये पुढे यासाठी वेगळा पर्याय घालावा लागला, आणि २०२४ मध्ये लिबजीपीआयओडीने लाइना सांभाळून ठेवणारी एक पार्श्वसेवाही दिली. माझे मत कर्नलच्या बाजूचे आहे. धनी नसलेली पिन चालू राहावी अशी अपेक्षाच चुकीची. एखाद्या दिव्याला ते चालेल, विहिरीत पाणी संपल्यावर कोरडी फिरणाऱ्या मोटारीला नाही.

आता लाईट आल्याच्या क्षणाकडे वळू, कारण यावर लेख कमी आणि नुकसान जास्त. संगणकाला वीज मिळाली की आधी चिपमधला छोटा कोड, मग बूटलोडर, मग कर्नल, मग ड्रायव्हर, आणि शेवटी आपला प्रोग्राम. पायसारख्या बोर्डावर यात कित्येक सेकंद जातात. या काळात पिना इनपुट असतात आणि त्यांना चिपमधला एक क्षीण रोधक वर किंवा खाली ओढत असतो. बीसीएम २८३५ मध्ये शून्य ते आठ या पिना वर ओढलेल्या असतात, नऊ ते सत्तावीस खाली. मोटारीच्या रिलेसाठी कोणी चार क्रमांकाची पिन निवडली आणि मध्ये मॉसफेट लावला, तर तो क्षीण रोधकही मॉसफेटचे गेट उघडायला पुरेसा असतो. मग लाईट येताच, लिनक्स जागा होण्याआधीच, मोटार उचलते. हा नकळत बनवलेला ऑटो स्विच. कर्नल यात काही करू शकत नाही, कारण तो अजून मेमरीत आलेलाच नसतो. उपाय तीन, आणि तिन्ही स्वस्त. खाली ओढलेली पिन निवडा. गेटला बाहेरून दहा किलोओहमचा रोधक जमिनीकडे लावा. आणि पायच्या कॉन्फिग फाइलीत ती पिन सुरुवातीपासून आउटपुट आणि शून्य असावी असे लिहा. कर्नल आल्यावर, प्रोग्रामला न लागणाऱ्या लाइनींची जबाबदारी डिव्हाइस ट्रीमधल्या ‘हॉग’ या नोंदीवर टाकता येते. ज्या लाइनीला कधीच कोणी हात लावू नये ती कर्नल स्वतःच्याच ताब्यात घेतो आणि सांगितलेल्या किमतीवर धरून ठेवतो.

आणि खुद्द कर्नलच अडकला तर? पिनेची शेवटची किंमत चिपमधल्या लॅचमध्ये असते. सॉफ्टवेअर गोठले तरी ती सुटत नाही. म्हणून हार्डवेअर वॉचडॉग हवा: ठरावीक वेळात प्रोग्रामने खूण दिली नाही तर तो चिपच रीसेट करतो, पिना इनपुट होतात आणि रिले पडतो. हे तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा ‘पिन इनपुट’ याचा अर्थ ‘मोटार बंद’ असा सर्किटने लावलेला असतो. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर यांना मात्र लिनक्सच्या हवाली कधीही करू नये. एक फेज गेल्यावर मोटार जळायला कर्नलच्या सोयीची वाट पाहत नाही. ते दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेतच बसवलेले असावेत.

इनपुटच्या बाजूला कर्नलने खूपच काम केले आहे, आणि ते आपल्याकडे फारसे वापरले जात नाही. टाकीतला फ्लोट स्विच मिटताना एकदा मिटत नाही. काही मिलिसेकंद थरथरतो. भोळा प्रोग्राम ते चार-पाच वेळा मोजतो. कॅरेक्टर डिव्हाइसच्या दुसऱ्या आवृत्तीत लाइन मागतानाच ‘इतके मायक्रोसेकंद थरथर दुर्लक्षित कर’ असे सांगता येते. प्रत्येक बदलाची वेळ कर्नल इंटरप्ट येताच नॅनोसेकंदांत नोंदवतो आणि घटनेला अनुक्रमांक देतो. पाणी मोजणाऱ्या मीटरच्या स्पंदांसाठी हे फार मोलाचे. प्रोग्राम मागे पडला आणि घटनांची रांग भरून वाहिली, तर अनुक्रमांकातल्या खंडावरून किती स्पंद हुकले ते कळते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात गावच्या योजनेचे पाणी नेमके मोजणे ही चैन नाही.

शिवाय पुष्कळ गोष्टींसाठी प्रोग्राम लिहावाच लागत नाही. बटणे, एलईडी, पंखा, तापमानाचा वन-वायर सेन्सर, वीज बंद करण्याची पिन, बाहेरचा वॉचडॉग या साऱ्यांसाठी जीपीआयओवर बसणारे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहेत. डिव्हाइस ट्रीत चार ओळी लिहायच्या. कर्नलचे दस्तऐवज तर बजावूनच सांगतात की तयार ड्रायव्हर असताना प्रोग्रामातून पिना हलवू नका.

कर्नल कुठे थकतो ते उदगीरच्या डाळ मिलमध्ये दिसते. तूरडाळीचा रंग पाहून काळे दाणे बाजूला काढणाऱ्या यंत्राला मिलवाले सॉर्टेक्स म्हणतात. दाणे उतरत्या पन्हाळीवरून कॅमेऱ्यासमोरून पडतात, खराब दाणा दिसला की काही मिलिसेकंदांत त्याच्या पुढची हवेची झडप उघडून मिटली पाहिजे. उशीर झाला तर चांगला दाणा उडतो आणि काळा पोत्यात जातो. सामान्य लिनक्सला असे वेळेचे वचन देता येत नाही. तो सरासरीने वेगवान आहे, हमीने नाही. वीस वर्षांच्या खटपटीनंतर रिअल-टाइमचे काम २०२४ च्या ६.१२ मध्ये मुख्य कर्नलात सामावले गेले, त्यामुळे उशिराची कमाल मर्यादा बरीच खाली आली. तरी शेकडो झडपा एका तालात चालवायच्या तर ते काम एफपीजीएसारख्या हार्डवेअरनेच करावे आणि लिनक्सने पडदा, नोंदी आणि सेटिंगे सांभाळावीत. अशी विभागणी ही कर्नलची हार नव्हे.

लिनक्सबाहेर काय चालले आहे ते थोडक्यात. ओपनबीएसडीचा नियम मला सर्वांत आवडतो: यंत्र सुरक्षित पातळीवर जाण्याआधी ज्या पिना ठरवून दिल्या तेवढ्याच नंतर दिसतात, बाकीच्यांना प्रशासकही हात लावू शकत नाही. पंपघरासाठी हाच नियम हवा. विंडोजने विंडोज ८ पासून जीपीआयओसाठी कर्नलमध्येच वेगळी चौकट दिली, पण आपल्या शेतात ती कोणी पाहिलेली नाही. छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी फ्रीआरटीओएस आणि झेफिर आहेत. २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे असलेल्या झेफिरने डिव्हाइस ट्री आणि उलट्या पिनेची कल्पना लिनक्सकडूनच उचलली. सी-डॅकच्या वेगा मालिकेतली थेजस ३२ ही भारतीय चिप एरिस बोर्डांवर मिळते. तिच्यावर लिनक्स चालत नाही, पण निव्वळ पंप चालवायला तो लागतही नाही. खरे तर विहिरीवरच्या पेटीत मायक्रोकंट्रोलर आणि घरातल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या पेटीत लिनक्स, ही मांडणी बहुतेक वेळा शहाणपणाची.

रजिस्टरला थेट हात घालणाऱ्यांची फजिती २०२३ मध्ये झाली. रास्पबेरी पाय ५ आला आणि त्याच्या पिना मुख्य प्रोसेसरमध्ये राहिल्याच नाहीत, त्या आरपी १ नावाच्या वेगळ्या चिपमध्ये गेल्या. जुन्या पत्त्यांवर लिहिणारी, शाळा-कॉलेजांत सर्वांत जास्त शिकवली गेलेली पायथन लायब्ररी त्या बोर्डावर चालेना. वायरिंगपायच्या मूळ लेखकाने तर २०१९ मध्येच सार्वजनिक देखभाल थांबवली होती. कर्नलच्या कॅरेक्टर डिव्हाइसमधून, लाइनीचे नाव विचारून जाणारे प्रोग्राम मात्र पाय ५ वर फारशी कुरकुर न करता चालले.

सिसएफएसच्या जुन्या वाटेबद्दल कर्नलच्या कालबाह्य गोष्टींच्या यादीत लिहिले होते की ती २०२० नंतर काढली जाईल. ती अजून आहे, मात्र कर्नल बांधताना मुद्दाम चालू करावी लागते. नांदेडचे गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय असो, लातूरची महाविद्यालये असोत की पुण्याला सी-डॅकचा एम्बेडेडचा पदविका अभ्यासक्रम करायला जाणारी आपली मुले असोत, जुन्या वाटेवरचे धडे इंटरनेटवर सर्वांत वर सापडतात म्हणून तेच प्रकल्पात उतरतात. परीक्षकांनी इथे नरमाई दाखवू नये. नव्या प्रकल्पाच्या कोडमध्ये ‘एक्सपोर्ट’ फाइल दिसली तर अहवाल दुरुस्तीसाठी परत करावा. तिला २०१६ पासून पर्याय आहे.